नाकाचं माप

विद्यापीठात व्याख्यान कुणाचंही असो, आभार मानायला माणूस ठरलेला. इतिहास विभागातल्या या गृहस्थांना सगळे आभारसरच म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्याचा त्यांना राग नव्हता. उलट बरंच वाटायचं. बाकीच्यांनी जाडजूड पुस्तकं लिहून नाव कमावलं, यांनी आभार मानून कमावलं. बरं, आभार म्हणजे उरकाउरकी नव्हे. पाहुण्यांपासून सुरुवात करून अध्यक्ष, विभागप्रमुख, माइकवाला, खुर्च्या मांडणारे, पाण्याचे ग्लास भरून ठेवणाऱ्या मावशी असं करत करत ते थेट शेवटच्या रांगेत जांभया देणाऱ्या श्रोत्यापर्यंत यायचे. कुणी म्हणजे कुणी सुटता कामा नये, हा त्यांचा दंडक. एकदा पडदा ओढणारा राहून गेला, तर दुसऱ्या दिवशी त्याला गाठून आभार मानून आले. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं नोकरी गेली.

आणखी एक गोष्ट. हे आभार आदल्या दिवशीच लिहून तयार असायचे. व्याख्यान ऐकून मग आभार लिहायचे म्हणजे जेवणं उरकल्यावर चूल पेटवायची, असं ते म्हणायचे. त्यामुळे व्याख्यान चालू असताना सर पहिल्या रांगेत शांत बसून असत, डोळे मिटलेले, आणि लोकांना वाटायचं की काय तन्मयता ही!

त्या वर्षी विभागानं बाहेरच्या अभ्यासकांची व्याख्यानमाला ठेवली होती. विषय भारदस्त होता. परक्या राजवटीनं माणसांचे वंश कसे ठरवले, कोण इथला आणि कोण उपरा हे कसं ठरवलं, वगैरे. पहिले दोन पाहुणे आले, बोलले, सरांच्या हातून आभार घेऊन गेले. तिसऱ्या होत्या एक विदुषी, दूरच्या विद्यापीठातल्या. आमच्या या गावातच त्या काळी झालेल्या नाकांच्या मोजणीवर त्या बोलणार होत्या. येण्याआधी त्यांनी कळवलं होतं, की गावात कुणाच्या घरी त्या मोजणीचे जुने फोटो असतील तर बघायला आवडतील.

हे ऐकून आभारसरांची छाती फुगली. कारण फोटो होता, आणि तो त्यांच्याच घरी होता. बैठकीच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर. खुर्चीत गोरा साहेब बसलेला, मागे तंबू, आणि साहेबाच्या उजव्या हाताला ताठ उभे सरांचे आजोबा. त्यांच्या हातात वीतभर लांबीचा पितळी चिमटा, दोन पायांचा, मधे आकडे कोरलेली पट्टी. साहेब फक्त हुकूम देणारा, प्रत्यक्ष मोजणी आजोबांनी केलेली. सरांचे वडील आल्यागेल्याला हा फोटो दाखवून सांगायचे की बाबांचा हात इतका हलका, की माप घेताना तान्हं मूलसुद्धा रडलं नाही. सरांनाही आजोबा आठवत होते. म्हातारपणी तो चिमटा नातवाच्या नाकाला लावून ते खेळ करायचे, आणि नातू खिदळायचा.

सरांनी स्वतः फोटो भिंतीवरून काढला, पुसला आणि पाहुण्या बाईंकडे पोचता केला. एवढ्यावर थांबतील तर ते आभारसर कसले! त्यांनी होणाऱ्या व्याह्यांना सहकुटुंब व्याख्यानाचं आमंत्रण दिलं. सरांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न जमलं होतं, तारीख तेवढी ठरायची होती. मुलगा दवाखान्यात तंत्रज्ञ, मुलाचे वडील बस डेपोतून निवृत्त झालेले मिस्त्री, माणसं सरळ. फक्त राहायला नदीपलीकडे. आता नदीवर तीन पूल झालेत, कोण कुठे राहतो याला काही अर्थ उरलेला नाही, असं सर सगळ्यांना सांगत. पण सांगत, यातच आलं काय ते. व्याह्यांना आपलं घराणं एकदा कळू दे, असा त्यांच्या मनातला साधा हिशेब होता. आभाराच्या भाषणात त्यांनी एक वाक्यही घोळवून घोळवून बसवलं होतं, ज्यांच्या हलक्या हातानं या शास्त्राची सेवा घडली, असं काहीतरी.

व्याख्यानाच्या संध्याकाळी सर दारात उभे राहून येणाऱ्यांचं स्वागत करत होते. व्याही आले ते आईला हाताशी धरून. म्हाताऱ्या आजी, पाठीत वाकलेल्या, उजवा कान कामातून गेलेला, पण डोळे कसे लख्ख. सरांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, कशाला त्रास घेतलात. त्यावर व्याह्यांनी त्यांना जरा बाजूला घेतलं आणि आई का आली ते सांगितलं.

झालं होतं असं. मोजणी झाली तेव्हा आजी पाच-सहा वर्षांच्या. वडील नव्हते, आई होती आणि मोठा भाऊ. तिघांची नाकं मोजली. आई इथली ठरली, भाऊ इथला ठरला आणि ही चिमुरडी उपरी. उपऱ्यांनी नदीपलीकडे जायचं, असा हुकूम. भावाला कारखान्याच्या वसतिगृहात ठेवून आई मुलीला घेऊन पलीकडे गेली. पण लोकांची तोंडं कोण धरणार? आई इथली, मुलगा इथला, मग ही पोरगी कुणाची? सरकारी चिमटा काय खोटं सांगेल? बाईला सगळ्यांनी नावं ठेवली. ती मरेपर्यंत खाली मान घालून वावरली. भाऊ मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि त्याचं येणंजाणं कमी होत होत थांबलं. आई गेली तेव्हा उशिरा आला, दारातूनच परत गेला. आजींनी एवढंच धरून ठेवलं होतं, की भावालाही ते खरं वाटत असणार. आपण त्याच्या सख्ख्या नाही, असं.

“ती कुणाला काही विचारत नाही हो,” व्याही म्हणाले. “पण मोजणीवर कुणी शिकलेली बाई बोलणार आहे म्हटल्यावर हट्टच धरला. तिला एकच विचारायचंय. आकडा खरा होता का?”

मोजणारे हात कुणाचे होते हे व्याह्यांना ठाऊक नव्हतं. आत्ताच सांगून टाकावं असं सरांच्या अगदी ओठांवर आलं, आणि तिथेच थांबलं. त्यांनी मनाची समजूत घातली. आजोबांनी काय, दिसलं ते लिहिलं. आकडा तो आकडा, त्यात माणसाचा काय दोष. तेवढ्यात पाहुण्या बाई आल्या. सरांना पाहून त्या थांबल्या, आणि हळूच म्हणाल्या की फोटो दाखवते आहे, पण तुमच्या घराचं नाव मी घेणार नाही. का, ते व्याख्यान ऐकल्यावर तुम्हाला कळेल. हे बोलताना त्यांचा चेहरा हसरा नव्हता.

त्या दिवशी आभारसरांनी डोळे मिटले नाहीत.

बाईंचं व्याख्यान बरंचसं लोकांच्या डोक्यावरून गेलं, पण मधला भाग असा होता की शेवटच्या रांगेतलेही सावरून बसले. राजवटीला गावात माणसं हवी होती, पण सगळी नको होती. सरसकट हाकललं तर ओरड होईल. मग शास्त्र पुढे केलं. नाक रुंद निघालं तर माणूस बाहेरून आलेला, अरुंद निघालं तर इथला. बाईंनी जुनी मापं तपासली होती. काही माणसांची मोजणी पुढे दुसऱ्यांदा झाली होती, आणि त्याच माणसाचं नाक दुसऱ्या वेळी वेगळं भरलं होतं. शिवाय कारखान्यात कामाला येतील अशी पोरं बघावीत, तर त्यांची नाकं जवळजवळ सगळी अरुंद. म्हातारे, आजारी माणसं, लहान मुली यांची मात्र रुंद. एका गावातली नाकं कामाप्रमाणे बरी बदलतात, असं बाई म्हणाल्या आणि कुणीतरी हसलं, पण ते हसू पुढे सरकलं नाही.

मग त्यांनी स्वतःच्या नाकपुड्यांवर दोन बोटं ठेवून दाखवलं. नाकपुडी मऊ असते. चिमटा दाबला की आकडा उतरतो, सैल धरला की चढतो. ज्याला ठेवून घ्यायचं त्याच्या नाकावर हात जड पडायचा. ज्याला घालवायचं त्याच्या नाकावर हात हलका.

हलका! सरांना तोंडात मारल्यासारखं झालं. घरात दोन पिढ्या कौतुकानं सांगितलेला तो हलका हात. आणि त्याच क्षणी त्यांना आजोबांचा खेळ आठवला, जसाच्या तसा. ओसरीवरची खुर्ची, आजोबांच्या मांडीवर आपण, नाकाला गार पितळ. आजोबा दाबायचे आणि म्हणायचे, आता तू इथला. मग सैल सोडायचे आणि म्हणायचे, गेलास बघ नदीपलीकडे! आणि पुन्हा दाबून परत आणायचे. नाक तेच, आजोबा तेच, आणि आपण पोट धरधरून हसत होतो.

पडद्यावर फोटो आला. गावातल्या एका कुटुंबानं तो विश्वासानं दिला, मी त्यांची ऋणी आहे, एवढंच बाई बोलल्या. आजींनी मान पुढे काढली. त्यांनी ना साहेबाकडे बघितलं ना आजोबांच्या चेहऱ्याकडे. बोट वर करून त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, “चिमटा हाच.” कानानं कमी असलेली माणसं बोलतात तशा मोठ्यानं बोलल्या, सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

प्रश्नांच्या वेळी व्याही उठले. डेपोत आयुष्य गेलेला माणूस, माइक हातात धरायची सवय नाही. त्यांनी आईची हकीकत सांगितली आणि विचारलं, एका आईची दोन मुलं, त्यांचं माप मुद्दाम वेगळं घेतलं असेल का, की आकडा खरा होता? पाहुण्या बाईंनी फार जपून उत्तर दिलं. असं पुष्कळदा घडलंय, त्या म्हणाल्या, पण त्या दिवशी तुमच्या आईच्या बाबतीत नेमकं काय झालं हे मी पुराव्याशिवाय सांगू शकत नाही, सांगितलं तर ते खोटं ठरेल. बाईंचं चुकलं असं कोण म्हणेल? अभ्यास करणाऱ्या माणसानं असंच बोलायचं असतं. व्याह्यांनी आईच्या डाव्या कानाशी वाकून ते सांगितलं. आजी ऐकत होत्या. मग त्यांनी पदर सारखा केला आणि पिशवी उचलली. त्यांच्यापुरतं उत्तर मिळालं होतं. शिकलेल्या बाईलाही सांगता येत नाही.

अध्यक्षांनी आभारासाठी सरांचं नाव पुकारलं. ते उठत होते, तेवढ्यात शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं बाही धरली. ती हुशार बाई, एव्हाना सगळं ओळखून चुकली होती.

“नाव घेऊ नका,” ती कुजबुजली. “पाहुण्यांनी घेतलं नाही, तुम्ही कशाला घेताय? लेकीचं लग्न आहे.”

तिचं काय चुकलं होतं? आई होती ती. सर माइकपाशी गेले. कागद समोर ठेवला आणि पाहिलं तर ते वाक्य तिथे बसलेलं होतं, शास्त्राची सेवा घडली म्हणणारं. त्यांनी कागदाची घडी घातली. मग सवयीनं आभार सुरू झाले. पाहुण्या, अध्यक्ष, विभागप्रमुख, माइकवाला, खुर्च्या मांडणारे, पाण्याच्या मावशी. जीभ आपली चालत होती आणि आत नुसती तारांबळ उडालेली. वेळ मारून नेणं किती सोपं होतं! चहाची व्यवस्था बाहेर केली आहे असं म्हणायचं आणि खाली उतरायचं. कुणी विचारणार नव्हतं. लग्न झालं असतं, नातवंडं झाली असती, आणि तो फोटो पुन्हा भिंतीवर लागला असता. दुसऱ्या रांगेत आजी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, उठायच्या तयारीत.

सरांनी दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरला.

“फोटो देणाऱ्यांचे आभार मानायचे राहिले,” ते म्हणाले. “ते मानता येणार नाहीत. फोटो मी दिलाय. चिमटा धरलेला माणूस माझा आजोबा. मी तो मिरवायला दिला होता.”

सर आयुष्यात पहिल्यांदाच कागदाशिवाय बोलत होते. त्यांनी तो खेळ सांगितला. दाबला की इथला, सोडला की पलीकडचा. आपण हसत होतो तेही सांगितलं. मग ते थेट आजींकडे वळले.

“आजी, पाहुण्या बाईंना सांगता येणार नाही, मला येतं. आकडा खरा नव्हता. मोजलंच नव्हतं तुम्हाला, आधी ठरवलं होतं. तुमच्या आईवर जे बालंट आलं ते आमच्या घरातून गेलं. त्यांचा काही दोष नव्हता.”

आजींना यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. व्याही वाकून त्यांच्या कानात एकेक वाक्य पुन्हा सांगत होते. सर खाली मान घालून उभे. बायकोनं तोंडावर हात घेतलेला. आता काय ते होईल, लग्न मोडलं तर मोडलं, असं सरांनी धरूनच ठेवलं होतं. आजी उठल्या. हळूहळू चालत मंचापाशी आल्या, आणि वर न चढता खालूनच त्यांनी सरांकडे बघितलं.

“हे माझ्या भावाला सांगा,” त्या म्हणाल्या. “आत्ता चला. तो थकलाय. उद्यावर नको.”

चहा राहिला. व्याह्यांची गाडी जुनी, दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही अशी. पुढे आजी बसल्या, मागे सर. गाडी निघणार तोच सरांची लेक धावत आली, दार उघडून बापाशेजारी बसली. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सरांना त्या वेळी रडू आलं, पण पुढे आजी होत्या म्हणून त्यांनी ते गिळलं. वाटेत आजीच तेवढ्या बोलत होत्या. आरशातून दिसणारा त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. भावानं लाकडाचा भोवरा करून दिला होता, म्हणत होत्या, फिरायचा नाही नीट, पण त्यानं केला होता. तो वाईट नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही, तर त्याला कळणार कसं? आता कळलं की येईल. नातवाच्या लग्नाला घरचा वडीलधारा म्हणून उभा राहील.

जुन्या कारखान्यामागे एका रांगेतली घरं होती, त्यातल्या टोकाच्या घरात भाऊ राहायचा. सुनेनं दार उघडलं आणि आजींना ओळखायला तिला जरा वेळ लागला. आत पलंगावर म्हातारा बसला होता, पाठीशी दोन उशा, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. आयुष्यभर यंत्रावर काम करून बोटं वाकडी झालेली. बहिणीला बघून तो म्हणाला, “तू?” आणि बसायला खुर्ची दाखवली. आजी खुर्चीवर बसल्या नाहीत. पलंगाच्या कडेला टेकल्या आणि सरांना खूण केली.

सरांनी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं, ते काही खरं ठरलं नाही. ते उभ्यानं बोलत होते, चपला हातात घेतल्यासारखे अंग चोरून. आजोबा, चिमटा, खेळ, दाबला की इथला. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी हात जोडले. आजींचे डोळे भावाच्या चेहऱ्यावर खिळले होते. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता त्या चेहऱ्यावर उमटणार होतं.

म्हातारा सरांशी नाही, बहिणीशी बोलला.

“मला ठाऊक होतं.”

आजींना ऐकू आलं नसावं असं वाटून व्याही पुढे झाले, पण आजींनी हातानंच त्यांना थांबवलं. ऐकू आलं होतं.

“त्यानं माझं नाक असं चिमटलं की डोळ्यांतून पाणी आलं,” भाऊ म्हणाला. “तंबूतून बाहेर आल्यावर मी तुला विचारलं, दुखलं का गं? तू म्हणालीस, नाही, गुदगुल्या झाल्या. तेव्हाच मला कळलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर पुन्हा मोजलं असतं. मला.”

“तेव्हा तू लहान होतास,” आजी म्हणाल्या. त्यांनी हे घाईनं म्हटलं, त्याच्या वतीनं. “पण पुढे? साहेब गेले, राजवट गेली, पूल झाला. पुढे का नाही?”

म्हाताऱ्यानं वाकड्या बोटांनी पांघरुणाची कड सरळ केली. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, हे तरी त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

“पुढे मग सवय झाली,” तो म्हणाला. “आणि तुझ्यासमोर आलो की ते आठवायचं. म्हणून येत नव्हतो.”

“आईला सांगितलंस?”

त्यानं मान हलवली. नाही.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिला काही उमगत नव्हतं आणि विचारायचा धीरही होत नव्हता. आभारसरांना वाटलं, आपण इथे नसायला हवं होतं. आणि लगेच दुसरंही वाटलं, की आज माइकपाशी आपण चहाची व्यवस्था सांगून खाली उतरलो असतो, तर आपलाही हा पलंग आणि या दोन उशा ठरलेल्याच होत्या. लेक त्यांना चिकटून उभी होती.

मग आजी उठल्या. भाऊ म्हणाला, बस ना थोडं, आत्ताच तर आलीस. त्यांनी त्याच्या अंगावरचं पांघरूण वर ओढून दिलं, धाकट्या बहिणीनं करावं तसं, आणि दाराकडे वळल्या. उंबऱ्याबाहेर आल्यावर त्यांनी सरांच्या लेकीची हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे केला आणि नीट बघून घेतला.

“हिची तारीख ठरवून टाकू,” त्या सरांना म्हणाल्या. “तुम्ही सगळे या. तुमच्याकडचे झाडून सगळे या.”

मग आतल्या बाजूला न बघता त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, “मामाला आमंत्रण नको.”

व्याही काहीतरी बोलणार होते. पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी गाडीचं दार उघडलं, आणि ती नीट बसेपर्यंत तिचा हात धरून उभे राहिले.